काळ्या मातीची पाण्यावरील पकड

काळ्या जमिनीच्या मुलखात दोन तक्रारी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या आहेत. पहिली शेतातली. पावसाने ताण दिला की पऱ्हाटी भर दुपारी मान टाकते. शेतकरी वीतभर खणून पाहतो, तर माती हाताला ओलसर लागते. ओल असूनही पीक का सुकावे, याचा त्यास उलगडा होत नाही. दुसरी तक्रार घरातली. नवी विटांची भिंत उभी राहते, दोन पावसाळे जातात आणि खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरपी भेग निघून छतापर्यंत पोहोचते. पावसाळ्यात दार चौकटीत अडकते आणि उन्हाळ्यात तेच दार आपोआप मोकळे होते. पहिली तक्रार शेती खात्याच्या माणसाकडे जाते, दुसरी गवंड्याकडे. दोहोंचे कारण मात्र एकच आहे, आणि ते ज्यास समजले त्यास पाणी केव्हा द्यावे, पेरणी केव्हा करावी आणि भिंतीचा पाया कोठवर न्यावा, या तिन्ही प्रश्नांचा विचार एकाच सूत्राने करता येतो.

बुटीबोरी हे गाव नागपूरच्या दक्षिणेस, वर्धा मार्गावर सुमारे ३० किलोमीटरवर आहे. वेणा नदीच्या खोऱ्यातील ही जमीन दख्खनच्या काळ्या खडकाची झीज होऊन तयार झालेली आहे. हा खडक म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थंड झालेला लाव्हारस होय. चढावर माती वीत-दोन विती असते व खाली लगेच मुरूम लागतो. सखल भागात व नदीकडे ती चांगली पुरुषभर खोल जाते. कापूस, तूर, ज्वारी ही येथील जुनी पिके. सोयाबीन मागाहून आले. पुढे येथे मोठी औद्योगिक वसाहत झाली, गाव पसरले, आणि काल ज्या वावरात वखर चालत होता तेथे आज घरांचे भूखंड पडले आहेत. म्हणूनच वरील दोन्ही तक्रारी येथे एकाच धुऱ्याच्या दोन बाजूंस ऐकावयास मिळतात.

पांढरी आणि काळी

जुन्या लोकांनी जमिनीचे दोन भाग केले होते. राहण्याची ती पांढरी आणि पिकविण्याची ती काळी. गावठाण शक्यतो उंचवट्यावर, मुरमाड किंवा राखाडी मातीच्या जागी असे. काळीवर घर बांधण्याचा मोह त्यांस सहसा झाला नाही, आणि जेथे नाइलाज होता तेथे घर लाकडी खांबांवर व मातीच्या भिंतींचे असे. अशी भिंत जमिनीबरोबर सावकाश वाकते. विटा-सिमेंटची भिंत वाकत नाही, फुटते. या व्यवस्थेमागे प्रयोगशाळा नव्हती, परंतु शेकडो पावसाळ्यांचे निरीक्षण होते. आज त्याच निरीक्षणाचा अर्थ आकड्यांत सांगता येतो.

पापुद्र्यांची माती

काळ्या मातीत चिकण कणांचे प्रमाण बहुधा निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून अधिक असते. हे चिकण कण साधी बारीक पूड नसून विशिष्ट घडणीची खनिजे असतात. काळ्या मातीतील मुख्य खनिज मॉन्टमोरिलोनाइट या जातीचे आहे. नाव उच्चारण्यास अवघड खरे. फ्रान्समधील ज्या गावाजवळ ते प्रथम ओळखले गेले त्या गावावरून ते पडले. त्याची रचना अभ्रकासारखी, म्हणजे पापुद्र्यावर पापुद्रा अशी असते. कोरड्या स्थितीत एका मिलिमीटरच्या जाडीत असे सुमारे दहा लाख पापुद्रे बसतात. हे सारे पापुद्रे सुटे करून पसरले, तर एका ग्रॅम मातीचा पृष्ठभाग सातशे ते आठशे चौरस मीटर भरतो. म्हणजे लहान चमचाभर, पाच-सहा ग्रॅम शुद्ध मॉन्टमोरिलोनाइटचा पृष्ठभाग जवळजवळ एक एकर होतो! काळ्या मातीचे पाण्याशी जे नाते आहे ते या अफाट पृष्ठभागावर घडते.

प्रत्येक पापुद्र्यावर ऋण विद्युत्‌भार असतो. त्याचा तोल राखण्यासाठी पापुद्र्यांच्या मधल्या फटीत चुन्यातील कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम यांचे धनभारित कण बसलेले असतात. पाण्याच्या कणाचे एक टोक किंचित धन व दुसरे किंचित ऋण असते. त्यामुळे माती भिजली की पाणी या भारित कणांकडे ओढले जाते आणि फटीत शिरते. ते शिस्तीने, थरावर थर असे शिरते. पहिला थर बसला की पापुद्र्यांतील अंतर सुमारे पाव पटीने वाढते, दुसरा थर बसला की मूळच्या दीडपट होते, आणि तिसरा थर बसल्यावर दुपटीच्या जवळ पोहोचते. पुस्तकाच्या प्रत्येक दोन पानांमध्ये आणखी एकेक पान सरकविले तर पुस्तक जसे जाड होईल, तशीच ही माती फुगते.

येथवर ओढ भारित कणांची असते. त्यानंतर दुसरी ओढ सुरू होते. मनुका पाण्यात टाकली की तिच्यातील साखरेकडे बाहेरचे पाणी ओढले जाऊन ती टम्म फुगते. तसेच फटीत दाटलेल्या धनभारित कणांकडे बाहेरचे पाणी येत राहते. येथे कॅल्शियम व सोडियम यांचा स्वभाव भिन्न ठरतो. कॅल्शियमचा कण दोन भारांचा असल्याने तो दोन्ही बाजूंच्या पापुद्र्यांस धरून ठेवतो आणि फुगणे एका मर्यादेबाहेर जाऊ देत नाही. सोडियमचा कण एकाच भाराचा. तो पापुद्र्यांस धरून ठेवू शकत नाही, आणि ते एकमेकांपासून पार सुटे होतात. अशा जमिनीत पाणी खाली मुरत नाही, वर चिखल व वाळल्यावर खडक अशी स्थिती होते. अकोला, अमरावती व बुलढाणा जिल्ह्यांत पूर्णा नदीच्या खोऱ्यात जो खारपाण पट्टा आहे, तेथील शेतकऱ्यांस हे निराळे सांगण्याची गरज नाही. इतरत्रही विहिरीचे किंवा कूपनलिकेचे पाणी मचूळ लागत असल्यास ते तपासून घेतल्याशिवाय काळ्या जमिनीस वर्षानुवर्षे देत राहू नये. माती परीक्षणात सोडियमचे प्रमाण अधिक आढळल्यास जिप्समचा उपयोग होतो. कारण हेच, की जिप्सममधील कॅल्शियम सोडियमची जागा घेतो.

कोकणातील जांभ्या दगडाच्या लाल मातीत मुख्य खनिज केओलिनाइट हे असते. त्याचे पापुद्रे एकमेकांस असे चिकटलेले असतात की पाणी मधे शिरत नाही. म्हणून त्या मातीस हातभर रुंद भेगा पडत नाहीत, आणि पावसाळ्यात ती पायास ढेकळासारखी चिकटूनही येत नाही. मात्र हा नियमदेखील पृथ्वीच्या पोटात मोडतो असे दिसून आले आहे. दक्षिण कोरियातील योनसेई विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी इतर देशांतील सहकाऱ्यांसह २०१७ साली असे दाखविले, की केओलिनाइट पाण्यासह सुमारे २७ हजार वातावरणांच्या दाबाखाली व २०० अंश उष्णतेत ठेवले असता पाणी त्याच्या पापुद्र्यांतही शिरते आणि त्याचे आकारमान सुमारे ३१ टक्क्यांनी वाढते. एवढा दाब जमिनीखाली सुमारे ७५ किलोमीटरवर, समुद्राचा तळ खंडाखाली सरकतो अशा ठिकाणी असतो. दाबाने वस्तू आकसावी अशी आपली समजूत. येथे दाबच पाण्यास आत ढकलतो. शेतात हे घडत नाही, हे सांगणे नको. परंतु चिकण मातीचे पाण्याशी असलेले नाते किती चिवट आहे, याची त्यावरून कल्पना येते.

दाबाचे माप

पाण्याची ही ओढ मोजावयाची कशी? पहिली रीत भाराची. मातीचा एक लहान गोल तुकडा लोखंडी कड्यात घट्ट बसवितात, वरून भार ठेवतात आणि खालून पाणी देतात. भार थोडा असेल तर माती त्यास उचलून फुगते. भार वाढविला की फुगणे कमी होते. ज्या भाराखाली ती मुळीच फुगत नाही व दबतही नाही, तो भार म्हणजे त्या मातीचा फुगण्याचा दाब होय. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. भार ठेवला म्हणून माती पाणी पिणे लगेच थांबवीत नाही. तिच्यातील हवेची जागा भरेपर्यंत ती पीतच राहते. थांबते ते फुगणे. बंद बाटलीत कोरडे हरभरे ठासून भरले व पाणी घातले तर सकाळी बाटली तडकलेली सापडते, ती याच जातीच्या जोराने.

काळ्या मातीचा हा दाब मातीच्या घट्टपणावर व आरंभीच्या ओलीवर अवलंबून असतो. दर चौरस सेंटिमीटरला अर्ध्या किलोग्रॅमपासून काही किलोग्रॅमपर्यंत तो आढळतो. जितकी माती कोरडी व घट्ट, तितका तिचा जोर अधिक. आता भिंतीचे गणित पाहू. तीन मीटर उंचीच्या विटांच्या भिंतीचे वजन तिच्या बुडाशी दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ५७० ग्रॅम पडते. पाया दुप्पट रुंद केला म्हणजे ते २८५ ग्रॅमवर येते. छपराचे वजन धरले तरी बेरीज अर्ध्या किलोग्रॅमच्या आसपास राहते. खालची माती एक किंवा दोन किलोग्रॅमच्या जोराने वर उठत असेल तर ही भिंत तिला कागदासारखी हलकी आहे. यावरून दिसून येईल की काळ्या जमिनीवर मोठ्या इमारतीपेक्षा गरिबाच्या एकमजली घरासच धोका अधिक. आणि रुंद पाया चांगला, ही सर्वसाधारण समजूत येथे उलट पडते. रुंदीने भार विभागला जातो आणि मातीस भिंत उचलणे सोपे होते.

दुसरी रीत ओढीची. भिजलेली माती सच्छिद्र पक्क्या तबकडीवर ठेवून बंद भांड्यात हवेचा दाब वाढवितात. मातीतून पाणी तबकडीवाटे बाहेर पडू लागते. ज्या दाबाला जेवढे पाणी मातीत उरते, तेवढे पाणी माती त्या दाबाइतक्या जोराने धरून आहे असे समजावे. अमेरिकेत रिचर्ड्‌स या शास्त्रज्ञाने १९४१ साली या पद्धतीचे उपकरण प्रसिद्ध केले. त्याच तत्त्वावरील उपकरणे आज मृदाशास्त्राच्या प्रयोगशाळांत वापरली जातात. बहुतेक पिकांच्या मुळांची ओढ सुमारे १५ वातावरणांपर्यंत चालते. त्यापलीकडचे पाणी मातीत असले तरी पिकास नसल्यासारखेच होय.

आणि त्यापलीकडे माती किती जोर करते? बैठकीत पडलेले कोरडे ठणठणीत ढेकूळ घ्या. हवेत निम्मी आर्द्रता असेल तेव्हा त्या ढेकळात उरलेले पाणी सुमारे साडेनऊशे वातावरणांच्या जोराने धरलेले असते. मे महिन्यात आर्द्रता पाव झाली की हा आकडा अठराशेच्या वर जातो. ते पाणी काढावयाचे तर ढेकूळ १०५ अंशांच्या भट्टीत तापवावे लागते. डोळ्यांना कोरडे दिसणारे हे ढेकूळ पुरते कोरडे कधीच नसते.

पिकाच्या वाट्याचे पाणी

आता शेताचा हिशेब मांडू. खोल, जड काळ्या जमिनीत पुरती भिजून निचरा झाल्यावर वजनाने सुमारे ३५ टक्के पाणी असते असे धरू. पीक कायमचे सुकते त्या वेळी, म्हणजे १५ वातावरणांच्या ओढीस, तिच्यात सुमारे २० टक्के पाणी शिल्लक असते. जमिनीनुसार हे आकडे थोडे मागेपुढे होतील. एक घनमीटर मातीचे कोरडे वजन १३०० किलोग्रॅम धरल्यास एक मीटर खोलीत एकूण ४५५ मिलिमीटर पाणी मावते. पैकी पिकाच्या वाट्यास येते १९५ मिलिमीटर; उरलेले २६० मिलिमीटर मातीचे स्वतःचे. शेतकऱ्याने खणून पाहिलेली ओल ती हीच. रेताड जमिनीत मातीचा वाटा फार थोडा असतो. तेथे ओल दिसली तर ती पिकासाठी आहे असे समजण्यास हरकत नाही. काळ्या जमिनीत ओल दिसणे आणि ओल मिळणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

म्हणून केवळ हात लावून ओल पाहू नये, हातात दाबून पाहावी. वीत-दीड वीत खोलीवरची मूठभर माती घेऊन गोळा करावा. गोळा सहज होतो आणि अंगठा व तर्जनी यांत दाबला असता लांब पट्टी निघते, तर पिकास पुरेसे पाणी आहे. गोळा जोर देऊन होतो पण पट्टी निघताच तुटते, तर निम्म्याहून अधिक पाणी खर्च झाले. पाणी देण्याची सोय असल्यास हीच वेळ. मातीचे ढेकूळ कठीण लागून गोळाच होत नाही, तर उशीर झालेला आहे. कपाशीस फुले व बोंडे धरण्याच्या काळात ही परीक्षा आठवड्यास दोनदा करावी.

भेगा पडल्यानंतर दिलेले पाणी आधी भेगांत जाते. एक मीटरहून खोल गेलेल्या भेगा भरेपर्यंत पाणी शेताच्या दुसऱ्या टोकास पोहोचत नाही, आणि मुळांच्या कक्षेखाली गेलेले पाणी पिकास परत मिळत नाही. यास्तव भेगा पडू लागताच डवरणी करून वरच्या थराची भुसभुशीत माती त्यांत पाडावी. डवरणीचा हेतू तणाचा नाश एवढाच समजला जातो. काळ्या जमिनीत तिचे दुसरे काम अधिक मोलाचे आहे.

पेरणीसंबंधी हा हिशेब अधिकच कठोर आहे. मे महिन्याच्या अखेरीस वरची दहा सेंटिमीटर माती वाळून तिच्यात सुमारे सात टक्के पाणी राहिलेले असते. तेवढाच थर पिकास निरुपयोगी अशा २० टक्क्यांच्या पातळीपर्यंत आणण्यासच १७ मिलिमीटर पाऊस खर्च होतो. म्हणजे पहिल्या सतरा मिलिमीटरांत पिकाचा वाटा शून्य! प्रत्यक्षात पाऊस असा सारखा पसरत नाही. वरचे चार-पाच सेंटिमीटर चांगले भिजतात आणि त्याखाली धूळ कायम राहते. हीच फसवणूक आहे. कोरडे बी हे कोरड्या मातीसारखेच असते. त्याची पाण्याची ओढ शेकडो वातावरणांची असल्याने ते थोड्या ओलीतही फुगते व कोंब काढते. परंतु त्या कोंबाच्या कोवळ्या मुळास तो जोर नाही. खालचा कोरडा थर वरची ओल आपल्याकडे ओढतो, वरून ऊन ओढते, आणि मधल्या मध्ये रोप जळते. दुबार पेरणीचा खर्च ज्याने सोसला आहे त्यास या सतरा मिलिमीटरांची किंमत कळेल. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन वापसा आल्याशिवाय पेरू नये, हा कृषी खात्याचा सल्ला या हिशेबाशी जुळणारा आहे. धूळपेरणी करावयाचीच झाल्यास सर्व शेत एकाच वेळी पेरणे शहाणपणाचे नाही.

वापसा येण्यापूर्वी ट्रॅक्टर शेतात घालण्याची घाई हल्ली वाढली आहे. फुगलेल्या मातीतील मोठी छिद्रे आधीच मिटलेली असतात. चाकाच्या भाराने उरलेलीही मिटतात आणि तास-दीड तासाच्या कामापायी मुळांची पुढील चार महिन्यांची वाट अडते. सोयाबीन व तूर यांसाठी रुंद वरंबा व सरी पाडल्यास जादा पाण्याचा निचरा होतो आणि चाके सरीतच राहतात.

दोन पात्रांची परीक्षा

कोणती माती किती फुगणारी आहे, हे गावातच पाहता येते. भारतीय मानकांत १९७७ सालापासून असलेली ही परीक्षा ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी शाळेत किंवा ग्रामसभेत अवश्य करून दाखवावी. भट्टीत वाळविलेली माती बारीक चाळणीने चाळून तिचे दहा-दहा ग्रॅमचे दोन भाग करावेत. शंभर मिलिलिटरच्या खुणा असलेली काचेची दोन उंच पात्रे घ्यावीत. एकात पाणी व दुसऱ्यात रॉकेल शंभराच्या खुणेपर्यंत भरून, माती टाकून, काडीने ढवळून अडकलेली हवा बाहेर काढावी व एक दिवस-रात्र स्थिर ठेवावे. रॉकेल हल्ली गावात सहज मिळत नाही, परंतु येथे शंभर मिलिलिटरच लागते. ते विस्तवापासून दूर ठेवावे. रॉकेलच्या कणांस विद्युत्‌भाराची ओढ नसते, म्हणून त्यात माती फुगत नाही.

दुसऱ्या दिवशी दोन्ही पात्रांत तळाशी बसलेल्या मातीची उंची खुणेवरून वाचावी. समजा रॉकेलमध्ये ती १० मिलिलिटर व पाण्यात १८ मिलिलिटर आहे. वाढ ८ ची, म्हणजे शेकडा ८०. हा आकडा ५० च्या आत असेल तर बांधकामास विशेष भीती नाही. ५० ते १०० असल्यास जपून वागावे, १०० च्या वर गेल्यास साध्या पायावर घर बांधू नये आणि २०० च्या वर असल्यास ती जागाच टाळलेली बरी. घरासाठी माती घ्यावयाची ती वरची नव्हे, तर पाया जेथे बसणार त्या खोलीवरची घ्यावी.

काळीवर घर बांधताना

माती ओली आहे यामुळे घर तडकत नाही. ओलीत फरक पडतो यामुळे तडकते. नागपूर भागात वर्षाचा हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस मुख्यतः जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो आणि त्यानंतरचे आठ महिने जमीन वाळत जाते. हा चढउतार वरच्या थरात सर्वाधिक असतो, जसजसे खाली जावे तसतसा तो मंदावतो. शिवाय वरच्या मातीचे वजनही खालच्या थरास दाबून धरते. तेव्हा पाया खोल नेणे याचा अर्थ जेथे ओल बाराही महिने सारखी असते तेथे तो टेकविणे. मुरूम जवळ लागत असेल तर पाया मुरमावरच न्यावा; दीड मीटरपर्यंत खणावे लागले तरी तो खर्च वाया जात नाही.

माती फार खोल असेल तर रुडकी येथील केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने प्रचारात आणलेली खांबांची रीत आहे. गवंडी लोक तिला अंडररीम पाइल म्हणतात. जमिनीत सहसा साडेतीन मीटर खोल गोल भोक पाडून त्याच्या बुडाशी फुगीर गोळा कोरतात व सळ्या घालून काँक्रीट भरतात. वरची माती खांबास उचलू लागली तरी बुडाचा गोळा त्यास पाचरीसारखा धरून ठेवतो. या खांबांवरील आडव्या तुळईखाली थोडी पोकळी ठेवावी लागते. कंत्राटदार पुष्कळदा ती मातीने बुजवितो, आणि मग सारा खर्च फुकट जातो. घरमालकाने या एका गोष्टीवर स्वतः लक्ष ठेवावे.

जमिनीच्या फरशीसाठी व कालव्यांच्या अस्तरासाठी दुसरा मार्ग मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील प्राध्यापक आर. के. कट्टी यांच्या संशोधनातून पुढे आला. काळी माती व बांधकाम यांच्यामध्ये न फुगणाऱ्या, परंतु चिकटून राहणाऱ्या मुरमाड मातीचा जाड थर चोपून घातला असता खालच्या मातीचे फुगणे आवरले जाते, असे त्यांनी दाखविले. हा थर साधारणपणे पाऊण ते एक मीटर असावा लागतो. निव्वळ वाळू घालून हे साधत नाही; वाळूतून पाणी सरळ खाली उतरते व काळ्या मातीस आयते मिळते. गावोगाव पायात वाळू भरण्याची जी पद्धत पडली आहे ती काळ्या जमिनीत सोडून द्यावी.

घर बांधून झाल्यावरची काळजी स्वस्त आहे, म्हणूनच बहुधा ती घेतली जात नाही. घरासभोवती दीड-दोन मीटर रुंदीचा, बाहेरच्या बाजूस उतरता पक्का पट्टा करावा. छपराचे पाणी पन्हाळीने दूर न्यावे. मोरीचे व नळाचे पाणी एका कोपऱ्यात मुरू देऊ नये, कारण चारही कोपरे सारखे वर उचलले गेले तर घर सहन करील, एकच उचलला गेला तर करणार नाही. भिंतीलगत मोठे होणारे झाड लावू नये. त्याची मुळे एका बाजूची ओल शोषून तीच बाजू खाली बसवितात.

जुन्या घरास भेग गेलेली असल्यास ती सिमेंटने बुजविण्यापूर्वी एक वर्ष थांबावे. भेगेच्या दोन्ही काठांवर समोरासमोर पेन्सिलीने खुणा कराव्यात आणि त्यांतील अंतर मे, सप्टेंबर व जानेवारी या महिन्यांत मोजून भिंतीवरच तारखेसह लिहून ठेवावे. अंतर बदलत नसेल तर भेग जुनी व शांत आहे, ती भरण्यास हरकत नाही. ऋतूप्रमाणे ते कमी-अधिक होत असेल तर आधी पाणी कोठून मुरते ते शोधून बंद करावे. भेगेत भरलेले सिमेंट पुढच्या पावसाळ्यात भिंतीस दुसऱ्या ठिकाणी फोडील.